नसलेल्या लेव्हलची चाल

डिसेंबर 1985. ओसाका. तुमचं वय तेरा. पाय कोतात्सूच्या रजईखाली आहेत. बुटक्या टेबलाच्या पोटातला विजेचा हीटर गुडघे भाजतोय आणि पाठीला मात्र हुडहुडी भरली आहे. टेबलावर संत्र्यांची सालं, गणिताची वही आणि निन्टेन्डोचं लाल-पांढरं खेळयंत्र, फॅमिकॉम. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सप्टेंबरच्या 13 तारखेला बाजारात आला. तेव्हापासून वर्गात दुसरा विषय नाही.

आज पहिल्यांदाच तुम्ही तिसऱ्या जगात पोचलात. आधीच्या दोन जगांत जमिनीवर असताना डोक्यावर निळं आकाश होतं. इथे पाऊल टाकलं आणि आकाश काळंभोर. रात्र झाली! तुम्ही बटणावरचा अंगठा उचलता आणि कान देऊन ऐकता. चाल तीच आहे. उन्हातली, निळ्या आकाशाखालची, नाचरी.

इथे काहीतरी राहून गेलंय, असं तुम्हाला वाटतं. ही तक्रार नाही. ज्याने हे संगीत केलं, त्याने बाकीच्या जागांचा किती बारीक विचार केलाय हे तुम्ही तीन महिने रोज ऐकता आहात. जमिनीखाली उतरलं की सुरावट जवळजवळ नाहीशी होते. खर्जातले थोडे सूर सप्तकाच्या उड्या मारतात आणि मध्ये लांब शांतता सोडतात. पाण्यात शिरलं की ठेका तीन मात्रांचा होतो, आणि मारिओचं हातपाय मारणं त्या झुल्यात बसतं. वेळ शंभराच्या खाली आली की अख्खं संगीत धावत सुटतं आणि तुमच्या हाताला घाम येतो. त्या माणसाचं नाव कोजी कोंडो. वय चोवीस, निन्टेन्डोत आल्याला जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालंय. तुम्हाला हे नाव माहीत नाही, कारण खेळात कुणाचंच नाव येत नाही. सगळा खेळ 40 किलोबाइटांत बसवलेला आहे, हेही तुम्हाला माहीत नाही. तिथे प्रत्येक जादा सुरावट कुठल्या तरी भिंतीची, कुठल्या तरी शत्रूची जागा खाते.

तुम्हाला एवढंच कळतं की रात्र आहे आणि रात्रीची चाल नाही. मग ती आपण करायची.

कपाटातून तुम्ही फॅमिली बेसिकचा खोका काढता. प्रोग्रॅम लिहायचं एक कार्ट्रिज आणि एक अख्खा की-बोर्ड. किंमत 14,800 येन, म्हणजे खुद्द फॅमिकॉमइतकीच. काकांनी गेल्या वर्षी आणून दिला, ‘खेळण्यापेक्षा काहीतरी शीक’ म्हणाले. यंत्राला खाच एकच. बेसिक लावायचं तर मारिओ काढावा लागतो. म्हणजे ज्या खेळासाठी चाल करायची तो खेळ समोर नसणार. तो डोक्यात चालवायचा, काळ्या आकाशासकट.

पुस्तिका मांडीवर उघडी आहे. जपानी लोकप्रिय गाणी या यंत्रात कशी भरायची, हे सांगणारा तिच्यातला भाग कोंडोंनीच लिहिला आहे. निन्टेन्डोतलं त्यांचं हे अगदी सुरुवातीचं काम. ज्याच्या खेळात तुम्हाला एक रात्र कमी पडते आहे, त्यानेच तुमच्या हातात ती भरून काढायचं साधन दिलं आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे चाळीस वर्षं जगभरातल्या चाहत्यांनी जे केलं, त्याला सुरुवातीपासूनच घरातल्या माणसाचा हात लागलेला होता.

‘प्ले’ ही आज्ञा टाइप करायची, अवतरणचिन्ह उघडायचं आणि सूर अक्षरांनी लिहायचे. सी, डी, ई. पुढे लांबीचा आकडा. ओ म्हणजे सप्तक, टी म्हणजे लय, आर म्हणजे विराम. मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं दिली की दुसरा आवाज, पुन्हा दिली की तिसरा. पहिले दोन आवाज चौकोनी लहरींचे, तिसरा त्रिकोणी लहरीचा. बस. तीन गळे, आणि तिन्ही एका वेळी एकच सूर गाणारे.

पहिला तास तुम्ही दिवसाच्या चालीला रात्रीचे कपडे घालण्यात घालवता. तेच सूर, लय कमी, गंधार कोमल. ऐकायला बरं वाटतं आणि लगेच खोटंही वाटतं. हा आजारी पडलेला मारिओ आहे, रात्रीतला नव्हे. तुम्ही सगळं पुसता. मग उलट दिशेने विचार करता. रात्री काय होतं? लांबचं ऐकू येतं. जवळचं कमी दिसतं. पाऊल टाकण्याआधी माणूस थांबतो. म्हणजे सुरांपेक्षा विराम महत्त्वाचे. त्रिकोणी लहरीला तुम्ही खाली, अगदी खर्जात नेता. या लहरीला आवाज लहानमोठा करण्याची सोयच नाही. ती एकतर वाजते किंवा गप्प बसते. म्हणून तिला सलग वाजवायचं नाही, दोन सुरांत अंधार सोडायचा. पहिल्या चौकोनी लहरीवर चार सुरांचा एक छोटा प्रश्न. दुसरीवर काय? तुम्ही तिच्या सुरुवातीला एक विराम टाकता आणि पुढे तोच प्रश्न, आवाज कमी करून.

रिटर्न.

टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून सुरावट येते आणि तिच्या मागून, जरा उशिराने, तिचाच पडसाद. खोली एकदम मोठी होते. भिंती मागे सरकतात. यंत्रात प्रतिध्वनीची सोय नाही, एक गळा खर्ची घालून तुम्ही तो विकत घेतलात. क्योटोतल्या आणि टोकियोतल्या व्यावसायिक संगीतकारांनाही याच काळात हीच युक्ती सापडते आहे. त्यांच्याकडेही एवढेच गळे आहेत. कमी साधनांची खरी गंमत ही की सगळ्यांना त्याच दारातून आत शिरावं लागतं. तुम्ही आज त्या दारातून आत आलात.

टेपरेकॉर्डर जोडायचा, रेकॉर्डचं बटण दाबायचं. तुमची चाल किंचाळ्यांच्या रूपात कॅसेटवर उतरते. मारिओ पुन्हा खाचेत जातो. तिसरं जग, काळं आकाश, आणि तीच उन्हातली चाल. पण आता टीव्हीचा आवाज बंद करून तुम्ही आपली गुणगुणता, आणि उडी मारताना लक्षात येतं की ठेका उडीच्या मापाचा नाही. कोंडोंनाही हेच झालं होतं. त्यांनी आधी केलेली संथ चाल मारिओच्या धावण्याला आणि उड्यांना जुळेना, म्हणून त्यांनी ती टाकून दिली होती. तुम्हीही उद्या टाकून द्याल आणि परवा तिसरी कराल.

आता पश्चिम जर्मनी, ऑक्टोबर 1986. तुम्ही सोळा वर्षांचे आहात, माळ्यावरच्या खोलीत कमोडोर 64 समोर बसलेले. शेजारी मित्र ‘64'er’ मासिकाचा ताजा अंक घेऊन बसलाय आणि मोठ्याने आकडे वाचतोय. अंकात ‘साउंडमॉनिटर’ नावाचा, संगीत रचायचा प्रोग्रॅम छापून आला आहे. डिस्क नाही, कॅसेट नाही. पानंच्या पानं अंक-अक्षरांच्या जोड्या. त्या एकेक करून टाइप करायच्या. ओळीच्या शेवटी पडताळ्याची जोडी असते. ती जुळली नाही की यंत्र पुढे जाऊ देत नाही.

‘‘बी सात. झिरो चार. अरे, बी म्हटलं मी, डी नाही.’’

‘‘परत सांग ओळ.’’

हे काम दुपारी सुरू होऊन रात्री संपतं. तुम्ही हे का सोसता? कारण ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला तो तुमच्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे. क्रिस ह्युल्सबेक, वय अठरा. याच मासिकाच्या संगीत-स्पर्धेत याच वर्षी त्याची ‘शेड्स’ ही रचना पहिली आली. ती कुठल्या खेळासाठी नव्हती. खेळांच्या संगीतावर वाढलेल्या एका मुलाने त्याच यंत्रासाठी केलेली स्वतंत्र चाल. आणि बक्षीस घेऊन तो थांबला नाही, आपलं हत्यार त्याने सगळ्या मुलांना टाइप करायला देऊन टाकलं.

कमोडोरच्या पोटात ‘सिड’ नावाची चिप आहे. बॉब यॅनेस या अभियंत्याने ती आखली. त्याला त्या काळातल्या संगणकांचे भोंगे पसंत नव्हते. त्याला खरं वाद्य हवं होतं. म्हणून इथेही गळे तीनच असले तरी प्रत्येकाला चार लहरींतून निवड करता येते, प्रत्येक सुराचं उमटणं आणि विरणं ठरवता येतं, आणि तिघांवरून एक गाळणी फिरवता येते. ही गाळणी चिपगणिक थोडी वेगळी वागते. मित्राच्या घरी गडद वाटणारी तीच चाल तुमच्या घरी उघडी, तीक्ष्ण वाटते. यावरून तुमची भांडणं झाली आहेत आणि दोघांचंही खरं आहे.

तुमचं दैवत इंग्लंडात आहे: रॉब हबर्ड. गेल्या वर्षीच्या ‘माँटी ऑन द रन’ची चाल तुम्हाला तोंडपाठ. खेळात तुम्हाला फारशी गती नाही, पण ती चाल संपेपर्यंत खेळ सुरूच करायचा नाही हा नियम. ती व्हायोलिनसारखी भरधाव सुरावट, आणि मध्येच सुटणारा तो गिटारसारखा मोकाट सूर! ती चाल चार्ल्स विल्यम्स यांच्या ‘डेव्हिल्स गॅलप’ या, एका जुन्या इंग्रजी रेडिओ-मालिकेत वाजणाऱ्या धूनवरून सुचलेली आहे. म्हणजे तुमचा देव स्वतः कुणाचा तरी भक्त होता. ही साखळी मागे किती लांब जाते कुणास ठाऊक, पण तिच्यात उभं राहायला तुमच्यापुरती जागा आहे एवढं नक्की.

रात्री साउंडमॉनिटर चालू होतो. सूर उभ्या ओळींत पडद्यावरून सरकतात. तुम्ही ठरवता की माँटी या मोल जातीच्या प्राण्यासाठी एक नवी चाल करायची: तो पकडला गेला आहे, तुरुंगात आहे, पळत नाहीये. खेळात असा प्रसंगच नाही. त्यामुळे हबर्डची ओळ चोरण्याचा प्रश्न येत नाही. चोरायला आहेच काय? घ्यायची ती त्याची पद्धत. तीन सुरांचा मेळ एकाच गळ्यातून काढायचा असेल, तर ते तीन सूर, प्रत्येकी सेकंदाचा पन्नासावा भाग, असे एकामागून एक फिरवायचे. कान त्यांना वेगळं करू शकत नाही, त्याला एक थरथरता मेळ ऐकू येतो. ढोल आणि खर्ज एकाच गळ्यावर बसवायचे: आधी क्षणभर खरखर, लगेच खर्जाचा सूर. अशी काटकसर करत गेलं की तिसरा गळा मोकळा राहतो, आणि तो मोकळा गळा म्हणजे गाणं.

मध्यरात्र उलटल्यावर मित्र पेंगत ऐकतो आणि विचारतो, ‘‘हे कुठल्या गेममधलं रे?’’

तुम्ही सांगत नाही. त्या प्रश्नापेक्षा मोठी दाद तुम्हाला आजवर मिळालेली नाही.

पुढच्या वर्षी, 1987 मध्ये, दोन गोष्टी घडतात. कार्स्टेन ओबार्स्की नावाचा जर्मन तरुण अमिगा संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ करतो. चार उभे रकाने, खालून वर सरकणारे सूर, आणि आज ‘ट्रॅकर’ म्हणून ओळखली जाणारी अख्खी जमात तिथून वाढते. आणि ‘द ग्रेट गियाना सिस्टर्स’ हा खेळ येतो. तो मारिओची इतकी उघड नक्कल होता की निन्टेन्डोच्या दबावानंतर दुकानांतून उचलावा लागला. पण त्यातलं संगीत ह्युल्सबेकचं होतं, आणि ते कुणाचीच नक्कल नव्हतं. विटा तशाच, उड्या तशाच. चाल मात्र गंभीर, स्वप्नाळू, जर्मन पावसाळी. खेळ मागे घेतला गेला, चाल अजून वाजते आहे. मला विचाराल तर चाहत्याने उसनं काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याचा यापेक्षा स्वच्छ निवाडा दुसरा नाही.

मे 1995. सांगली. मामाचं घर, दुपारचे दोन, बाहेर रस्ता वितळतोय. पंख्याखाली तुम्ही, दोन मामेभाऊ, शेजारचा एक पोरगा, आणि टीव्हीला जोडलेला ‘व्हिडिओ गेम’. यंत्रावर निन्टेन्डोचं नाव नाही. ते तैवानकडच्या चिपांवर चालणारं नकली फॅमिकॉम आहे. तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नाही आणि सांगितलं तरी फरक पडणार नाही. पिवळी कॅसेट काढायची, तिच्या दातांवर जोरात फुंकर मारायची, परत बसवायची. आजी आतून ओरडते, ‘‘टीव्ही तापलाय रे, अर्धा तास बंद ठेवा!’’

‘‘एकच लाइफ राहिलीय आजी!’’

तुमच्या डोक्यात एक उद्योग आहे आणि तो भावंडांना पटत नाही. तुमचा नंबर आला की तुम्ही मारिओला सुरुवातीच्या रेघेवर उभं करता आणि काहीच करत नाही. घड्याळ चारशेवरून खाली येत राहतं. उडी मारली, नाणं उचललं, की त्या आवाजासाठी यंत्र संगीताचा एक गळा काढून घेतं आणि चालीतले एक-दोन सूर बुडतात. तुम्हाला चाल अखंड हवी आहे. मांडीवर छोटा कॅसिओ आहे, बोटांएवढ्या पट्ट्यांचा, आणि तुम्ही एकेक सूर शोधून बसवताय.

‘‘ए, खेळ ना! नाहीतर दे इकडे रिमोट.’’

‘‘थांब रे. शंभरला फास्ट होतं, तेवढं ऐकू दे.’’

तुम्ही जे ऐकता आहात, ते ओसाकातल्या त्या मुलाने ऐकलेलं नाही. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जपानी टीव्हीवर चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं आणि मारिओचं संगीत त्याच ठोक्यावर एकेक पाऊल टाकतं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला 50 ठोक्यांचा. अशा टीव्हीसाठी बनलेल्या नकली यंत्रांवर सूर जवळपास त्याच जागी राहतात, लय मात्र सहाव्या हिश्शाने उतरते. शिवाय अशा अनेक नकली चिपांत एक उलटापालट होती. चौकोनी लहर आपल्या प्रत्येक झोक्यात किती वेळ ‘वर’ राहते, यावर तिचा पोत ठरतो: साडेबारा टक्के, 25 टक्के, 50 टक्के किंवा 75 टक्के. 25 टक्क्यांचा आवाज नाकातला, धारदार. 50 टक्क्यांचा पोकळ, बासरीकडे झुकणारा. नकलेत या दोघांची अदलाबदल झालेली होती. संगीतकाराने जिथे धार मागितली तिथे पोकळी, जिथे पोकळी तिथे धार. पोलंडमधल्या, रशियातल्या कित्येक मुलांनीही अशीच उलटी चाल ऐकली. चूक कारखान्याची, पण ती ऐकत मोठं झालेल्यांच्या कानांना तोच मूळ सूर.

शेजारच्या वाड्यातून पेटी ऐकू येते. दुपारची शिकवणी सुरू झाली. बाई रोज तोच राग शिकवतात, पण बंदिश दर आठवड्याला नवी. रागाचे सूर ठरलेले, वर्ज्य काय ते ठरलेलं, चलन ठरलेलं. आणि एवढ्या कुंपणात कुमार गंधर्वांनी इतक्या नव्या बंदिशी बांधल्या की त्यांचा ‘अनूपरागविलास’ नावाचा ग्रंथ झाला. कुणी त्यांना विचारलं नाही की जुन्या रागात नवी बंदिश कशाला. तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि हे असं मांडता येत नाही, पण बोटांना ते कळलंय. कारण मारिओची चाल बसवता बसवता ती कॅसिओवर एके ठिकाणी घसरली, आणि जिथे घसरली तिथून तुम्ही तिला पुढे जाऊ दिलं. आता ती मारिओची नाही. पण ऐकणारा म्हणेल, यातही कुणीतरी उड्या मारतंय.

इथून पुढची दोन वळणं मी तुम्हाला भरभर पार करून नेतो.

2008, अमेरिका. टोबी फॉक्स नावाचा हायस्कूलमधला मुलगा ‘अर्थबाउंड’ या निन्टेन्डोच्या 1994 च्या खेळाच्या वेडात आहे. त्या खेळात स्वतःच फेरफार करून तो हॅलोविनसाठी एक भयप्रद आवृत्ती बनवतो आणि तिच्या शेवटच्या लढाईसाठी ‘मेगालोव्हेनिया’ ही नवी चाल लिहितो. तुम्ही त्याच्या खांद्यामागे उभे राहून पाहा: नावातच योको शिमोमुरा यांच्या ‘मेगालोमेनिया’ या रचनेला केलेला नमस्कार आहे, आणि चाल पूर्ण त्याची स्वतःची. सात वर्षांनी, 2015 मध्ये, हीच चाल त्याच्या स्वतःच्या ‘अंडरटेल’ या खेळात येते. 2019 मध्ये ती निन्टेन्डोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये पोचते, त्यानेच नव्याने बांधलेली. चाहत्याची चाल ज्या घरातून स्फूर्ती घेऊन निघाली होती, त्याच घराच्या पंगतीला सन्मानाने बसली.

2014. ‘शोव्हेल नाइट’. फावडं घेऊन लढणारा एक सरदार. जेक कॉफमन हा संगीतकार. चाहत्यांच्या संगीतातून, ट्रॅकरच्या रकान्यांतून वर आलेला. नव्या खेळाचं संगीत त्याने मुद्दाम ‘फॅमिट्रॅकर’वर केलं, म्हणजे फॅमिकॉमच्या गळ्यांपुरतंच. कोनामीने 1989 च्या एका खेळाच्या कार्ट्रिजमध्ये जी जादा चिप बसवली होती, तिचे तीन गळे तेवढे त्याने वाढवून घेतले. आणि त्यातल्या दोन चाली केल्या मानामी मात्सुमाए यांनी, ज्यांनी 1987 मध्ये पहिल्या ‘मेगा मॅन’चं संगीत केलं होतं! ज्यांच्यामुळे ही भाषा आपण शिकलो, त्यांनीच येऊन आपल्या शेजारी बसून लिहावं. यापुढे कोण अस्सल आणि कोण चाहता, हा हिशेब मांडायची मला गरज वाटत नाही.

आता पुणे. आजची रात्र. तुम्ही चाळिशी ओलांडली आहे. घरातले झोपले, कानाला हेडफोन. पडद्यावर फॅमिट्रॅकरचे पाच उभे रकाने आहेत: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक खरखरीचा, आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांचा. सगळं विनामूल्य मिळतं आणि चाल खऱ्या फॅमिकॉमवर वाजवण्याजोगी फाइल करून देतं.

यंत्राला सुरांची नावं माहीत नाहीत, आकडे माहीत आहेत. 440 हर्ट्झचा सूर हवा तर त्याला 253 हा आकडा द्यायचा. त्याला मिळतात 440.4, कानाला चालून जातात. पण आकडे पूर्णांकातच द्यावे लागतात. खालच्या सप्तकांत पायऱ्या जवळजवळ आहेत, वर चढावं तसं त्या रुंदावतात. तारसप्तकाच्याही वर 31 आणि 30 या शेजारच्या दोन आकड्यांत एका अर्धस्वराच्या निम्म्याहून मोठी फट पडते. तिथे सूर लावायला गेलं की तो एकतर उतरलेला मिळतो किंवा चढलेला. म्हणून जुने संगीतकार फार वर रेंगाळत नाहीत, वर जाऊन चटकन खाली येतात. तुम्हीही तसंच करता. नियम म्हणून नाही. वर थांबलं की दुखतं म्हणून.

चाल कुणासाठी? ‘काँट्रा’साठी. त्या दोन उघड्याबंब सैनिकांना धबधबा चढताना, तळांमध्ये शिरताना, बर्फात धावताना तुम्ही शेकडो दुपारी पाहिलंत. ते कधी बसले नाहीत. तुम्हाला त्यांच्यासाठी एक अशी लेव्हल हवी आहे जिथे गोळी सुटत नाही: होडी, नदी, आणि दोघे गप्प. मूळ संगीताचा कणा म्हणजे तो पलटणीचा ठेका. तो तुम्ही काढत नाही, लांब नेता. सोळा पायऱ्यांमधल्या दोनच ठेवता, आवाज सर्वांत खालचा. त्रिकोणी लहर वल्ह्यासारखी येते. मुख्य सुरावटीला नऊ मात्रांचं वळण घालून बघता, पुसता, आठवर येता.

मग पोताचा प्रश्न. रकान्यात 25 टक्क्यांची लहर निवडता: धारदार, बरोबर, जपानी मुलाने ऐकली असती तशी. चाल परकी वाटते. 50 टक्के करता, आणि सांगलीची दुपार कानात शिरते. लय 60 ठोक्यांवरून 50 वर आणता. आता ती चालते, जशी तुमच्या डोक्यात चालत होती. एखादा जाणकार म्हणेल, हे चुकीचं आहे, मूळ यंत्र असं वाजत नव्हतं. त्याचं यंत्र तसं वाजत नसेल. तुम्ही ज्या खेळावर प्रेम केलंत तो खेळ असाच वाजत होता, आणि त्या खेळासाठी चाल लिहायला जगात फार थोडी माणसं उरली आहेत. त्यांतले तुम्ही एक. सेटिंग तसंच ठेवून तुम्ही फाइल जतन करता, आणि खाली टिपणात लिहून ठेवता: अस्सल यंत्रावर वाजवायची तर हीच प्रत; नकली यंत्रावर वाजवायची तर पोत उलटून घ्यावेत, कारण ते यंत्र आपणहून उलटवणारच आहे.

एक काम राहिलं. तुम्ही रकान्यात उडीचा आवाज लिहिता. खेळ अस्तित्वात नाही, बटण दाबणारं कुणी नाही, तरी उडी लिहिता. कारण जी चाल उडीला जागा देत नाही ती या घराण्याची नव्हे. उडी पहिल्या चौकोनी लहरीचा गळा घेणार. तिसऱ्या आवर्तनात ऐन समेच्या तोंडावर ती पडते आणि मुख्य सुरावटीतला गंधार गिळून टाकते. चाल तिथेच लंगडते. तुम्ही तो गंधार उचलून दुसऱ्या लहरीवर ठेवता, तिथला पडसाद एक पायरी मागे ढकलता, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लावता. आता कुणी कितीही उड्या मारल्या तरी सुरावट तुटत नाही. चौथ्या आवर्तनात मात्र खर्ज अजून जड आहे.